संगमरवरी बाई

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं शहरातलं कलादालन बघायला गेलो. आमचे हे एका संगमरवरी बाईपाशीच घुटमळत राहिले. "काय नाजूक खांदा कोरलाय!" म्हणत यांनी हात पुढे केला, तोच रखवालदार धावत आला.

"साहेब, हात लावायचा नाही तिला!"

"सॉरी, सॉरी," म्हणत यांनी हात निमूट खिशात घातला.

माझा उतरलेला चेहरा बघून नणंदबाईंनी मला कोपरखळी मारली. "अगं वहिनी, दगडाच्या बाईवर कसली जळतेस?"

जळत तर होतेच मी. तिच्यासाठी कुणीतरी धावत आलं होतं.



त्याच दिवशी सकाळी हाच हात माझ्यावर उठला होता, तेव्हा नणंदबाई समोर बसून चहात साखर ढवळत होत्या.