छापखान्याची चूक

शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी तिसऱ्या रांगेतली एक पाटी उचलली आणि आकाराम मास्तरांनी ती कुणाची ते बघायला मान उंचावली.

पाटी कोंडीबा धनगराच्या सुलाची होती. साहेबांनी चौथीच्या वर्गाला शुद्धलेखन घातलं होतं, 'मी शाळा चुकवणार नाही.' सगळ्यांनी ते बरोबर उतरवलं होतं. सुलाच्या पाटीवर मात्र वळणदार अक्षरात होतं, 'मी शाळा चुकवणार न्हाई.'

"हे काय, मास्तर?"

मास्तर पुढं झाले. 'न्हाई' म्हटलं की रोज छडी ओढणारा हा माणूस. यंदा नोकरीत कायम व्हायचं होतं आणि सगळं साहेबांच्या शेऱ्यावर होतं. दळभद्री शब्द नेमका आजच उपटला होता.

"सुला, कितीदा सांगितलं तुला?"

"बोलताना चूक हाय, गुर्जी. पर लिवलेलं चालतंय," सुला उभी राहून म्हणाली. "पुस्तकात छापलंय की."

"कुठल्या पुस्तकात?" साहेबांनी विचारलं.

"गुर्जींच्या."

मास्तरांना तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही. पोरगी कपाटाकडं गेली, नकाशांच्या मागं ठेवलेल्या गठ्ठ्यातली एक प्रत ओढून तिनं साहेबांच्या हातात दिली. "तुमीच दिलंतासा न्हवं गुर्जी, आईला वाचून दाखवाय? आई म्हनली, ह्यातली म्हातारी आपल्यावानीच बोलती. लय रडली."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे ऐकून मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. आज त्यांनी प्रत परत घ्यायला हात पुढं केला.

साहेबांनी पहिलं पान उलटलं. लेखक आणि प्रकाशक, दोन्हीकडं मास्तरांचंच नाव होतं. "स्वतःच छापलंत? लढाई संपली तरी आम्हाला शेरेबुकाला कागद मिळत नाही. तुम्ही कुठून पैदा केलात?" असं म्हणत त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'मी न्हाई जायाची. ह्या मातीत माझं मानूस हाय.'"

साहेबांच्या तोंडून ते ऐकून वर्ग खिदळला.

ते वाक्य मास्तरांच्या आईचं होतं, जसंच्या तसं. सांगलीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जोतिबानं ते आपण होऊन सुधारलं होतं, आणि मास्तरांनी त्याच्याशी भांडून पुन्हा होतं तसं करून घेतलं होतं. शनिवारची शाळा सुटली की रहिमतपूरचं स्टेशन गाठायचं, रविवारभर सांगलीत खिळ्यांशी झटायचं, सोमवारी घंटेला परत वर्गात. वर्गात असले की जीव छापखान्यात, छापखान्यात असले की वर्गात. धड कुठंच बूड टेकत नव्हतं.

"वर्गात छडी आणि पुस्तकात हे," साहेब म्हणाले. "पोरांनी कुणाचं ऐकायचं, मास्तर? वर्गातल्या आकारामाचं की पुस्तकातल्या?"

त्यांनी शेरेबुक पुढं ओढून टाक दौतीत बुडवला होता. वर्ग बघत होता. सुला अजून उभीच होती.

"छापखान्याची चूक आहे, साहेब," मास्तर म्हणाले.

"इतक्या ठिकाणी?"

"खिळे जुळवणारा नवखा होता."

साहेबांनी हातातली प्रत मिटून बाजूला ठेवली. मग खाली मान घालून शेरा लिहिला, 'शुद्धलेखन समाधानकारक.' उठता उठता म्हणाले, "पुस्तकाला शुद्धिपत्र जोडा. आणि बाळ, ऐकलंस ना? ती चूक आहे."

"व्हय जी," सुला म्हणाली आणि तिनं पाटी पुसली.

साहेबांचं जेवण गावच्या पाटलांकडं, लालासाहेबांकडं होतं. मास्तरही पंगतीला बसले. साहेबांना टांग्यात बसवून ते शाळेकडं निघाले तेव्हा मनाशी म्हणत होते, कायम झालो, सुटलो एकदाचा. आनंद काही होत नव्हता. बिचाऱ्या जोतिबावर बालंट आणलं याची लाज वाटत होती. आईचा शब्द भर वर्गात चूक ठरवला याची त्याहून जास्त वाटत होती. चपला पायात असून पाय भाजल्यागत ते भराभरा चालत होते. पोरांना सांगून टाकावं, असं दोनदा मनात आलं. काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

मास्तर नाहीत म्हणजे शाळेत बाजार भरलेला असायचा. आज चिडीचूप होतं. दारातून बघितलं तर नकाशामागचा गठ्ठा सुटलेला, दौती उघड्या, आणि पोरं जोडीजोडीनं पुस्तकांवर वाकलेली.

मास्तरांनी जवळची प्रत उचलली. जिथं जिथं 'हाय' होतं तिथं रेघ मारून वर 'आहे' लिहिलं होतं. 'व्हय'चं 'होय' झालं होतं. त्यांनी घाईनं पानं उलटून म्हातारीचं पान काढलं. ती म्हणत होती, 'मी नाही जायची. या मातीत माझं माणूस आहे.' काना-मात्रेचीसुद्धा चूक नव्हती. मास्तरांनी शिकवलंच होतं तसं.

"कुणी सांगितलं हे?" त्यांनी विचारलं.

सुला पुढं आली. बोटं शाईनं भरली होती आणि तोंड नुसतं फुललं होतं.

"सायेबच म्हनलं न्हवं, चूक हाय म्हनून? तुमी एकटं कवा करनार? आमी समद्यांनी मिळून केलं. दोनदा तपासलं, गुर्जी. आता एकबी 'न्हाई' ऱ्हायला न्हाई."