शेवटचं अक्षर

“पुन्हा खाल्लंत, ताई!” स्टुडिओच्या काचेपलीकडून संगीतकार ओरडला. “ओळीचं शेवटचं अक्षर कुणासाठी राखून ठेवता? बाई घरी गुळण्या करत बसल्यात. येणार नाहीत त्या.”

हेडफोनमध्ये तिचाच आवाज परत आला. ‘धुक्यात तरंगतं गाव मा…’ पुढे काहीच नाही. गाव तेवढं तरंगत राहिलं.

कोरसवाली होती ती. जन्म त्यात गेला. कोरसने ओळीचं शेवटचं अक्षर म्हणायचं नसतं. चार बायकांच्या तोंडून ते पुढेमागे फुटतं, गाण्याचा चुरा होतो. ते गिळायचं आणि मुख्य गायिकेसाठी, म्हणजे बाईंसाठी, सोडायचं. हे तिला कुणी मायेने शिकवलं नव्हतं. चारचौघांत पाणउतारा करून शिकवलं होतं. मग गिळणं अंगवळणीच पडलं. गाणी ती लिहायची, टाळ्या बाईंना. पुढे कथा लिहिल्या, छापूनही आल्या. शेवट वाचकांवर सोडते म्हणून शहाण्यांनी माना डोलावल्या. डोंबलाचं कौतुक! संपवायची छाती नव्हती, एवढंच.

आज बाईंचा घसा बसला होता. शब्द तिचे होतेच, आता गळाही तिचा.

“हा शेवटचा टेक,” संगीतकार म्हणाला. “नाही जमलं तर गाणं बाईंनाच. कळलं ना?”

तिने मान हलवली. काचेपलीकडे त्याच्या शेजारी तिची लेक बसली होती, ऑफिसात रजा टाकून सकाळीच आलेली. पोर बोलायला शिकली तीच आईच्या रियाजात. आई ओळ अर्धी सोडायची, मांडीवरची पोर बोबडं अक्षर जोडायची. दोघी हसायच्या. घरात अख्खं गाणं असं दोघींचं मिळून व्हायचं.

बासरी सुरू झाली. भिंतींवरचं जाड कापड बाहेरचं जग पिऊन टाकत होतं. खोली हलकी झाली, जमिनीवरून सुटल्यासारखी. धुकं आलं. त्यात घरं उमटली, एक दार उमटलं. ती गाऊ लागली. किती सोपं होतं! फक्त वाहत जायचं, आणि टोकाला कुणीतरी झेलणारच.

‘धुक्यात तरंगतं गाव…’

तिने डोळे उघडले. काचेपलीकडे लेक पुढे झुकली होती. डोळ्यांत पाणी, आणि ओठ आधीच हलायला लागलेले. आवाज इकडे येत नव्हता. पण ती अक्षर जोडत होती. सकाळपासून, प्रत्येक टेकला, आईवरच्या मायेपोटी जोडत होती.

आईने तिच्यावर डोळे वटारले.

लेकीचं तोंड मिटलं. मग आई म्हणाली, पुरतं, “माझं.”