नऊ नंबर हजर

"नऊ नंबर कोण?" थोरलीने विचारलं.

रांगेतल्या एका तरुण बाईने हात वर केला. मजूर अड्ड्यावरून आजच्या दिवसापुरती आणलेली.

"हात कसला वर करतेस, शाळेत आलीयेस का? नंबर पुकारला की हजर म्हणायचं आणि खाली बघायचं. कधीपासून आहेस विचारलं तर चार वर्षं."

"आणि काम काय सांगू?"

"खिडक्या पुसते म्हण."

थोरलीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. बाकीच्या झाडूवाल्यांनी मात्र माना फिरवल्या. नऊ नंबर थोरलीच्या सुनेचा होता. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, तिसऱ्या मजल्याची खिडकी पुसताना ती खाली पडली आणि जागीच गेली. कमरेला दोर नव्हता. भरपाई द्यावी लागेल म्हणून ठेकेदाराने त्याच दिवशी पोलिसांत लिहून दिलं, ही बाई आमची कामगार नाही, पंख्यांची तार चोरायला वर चढली होती. विद्यापीठाने डोळे मिटून त्यावर सही केली. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही सरकारी कागदावर. थोरलीच्या नातीला तेव्हापासून शाळेत 'चोरटीची पोर' म्हणतात. या वर्षी पोरीने शाळाच सोडली.

"थोरले, लाज आहे का?" रांगेतली सगळ्यात जुनी झाडूवाली फणकारली. "लेकीसारखी होती ना ती तुला? तिच्या जागी परकी उभी करतेस? किती दिले त्याने?"

"दोन वर्षं तोंड शिवून बसायचे तुला जेवढे दिले, तेवढेच. नीट उभी राहा, पोक काढू नकोस."

जुनीने पाठ सरळ केली. नोकरी सगळ्यांनाच हवी होती.

कागदावर चाळीस झाडूवाल्या होत्या. खऱ्या पंधरा. उरलेल्या पंचवीस जणींचा पगार कुठे जातो ते ठेकेदाराच्या पोटाकडे बघून कळत होतं. त्यात मेलेल्या सुनेचाही पगार होता. चोरटी म्हणून लिहिलेला कागद पोलिसांकडे गेला होता, हजेरीची वही हिशेबाच्या खिडकीवर जात होती. दोन्हींची गाठ कधी पडलीच नाही. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला एवढी आठवण कुठून राहणार?

आज विद्यापीठाचं तीन वर्षांचं ऑडिट होतं. पंचवीस बायका गोळा करून त्यांना नंबर पढवायचं काम ठेकेदाराने थोरलीवर टाकलं, कारण मुकादम तीच. तिने तोंड वाकडं न करता केलं.

"मावशी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं चाललंय," ठेकेदार म्हणाला.

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली.

ऑडिटवाली बाई दहाला आली. बारीक चणीची, सर्दीने बेजार. मागच्या व्हरांड्यात टेबल टाकून तिने वही उघडली आणि नंबर पुकारायला सुरुवात केली.

"नऊ?"

"हजर."

बाईने खूण केली. चाळीस भरल्या. तिने पुन्हा मोजल्या, पुन्हा चाळीसच. मग ती एकेक पान उलटून शिक्का मारू लागली. महिन्याला एक पान, छत्तीस पानं, आणि प्रत्येक पानाखाली मुकादम म्हणून थोरलीचा अंगठा. शेवटचा शिक्का पडला. बाईने वही पत्र्याच्या पेटीत टाकली आणि कुलूप घातलं. ठेकेदाराने मोठा श्वास सोडला.

तेव्हा थोरली टेबलाशी आली.

"बाई, शिक्का पडलेली वही आता याच्याकडे परत जाते का?"

"नाही. आता ती आमच्या ताब्यात."

"मग पेटी एकदा उघडा. दोन वर्षांमागचा आठवा महिना काढा. चौदा तारीख, नऊ नंबर. अक्षरं नाही येत मला, आकडे येतात."

"मावशी, तुम्हाला ऊन लागलंय, घरी जा बरं," ठेकेदार पुढे आला.

"तू थांब रे. तुला लागायचंय अजून."

बाईने पान काढलं. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हजर," तिने वाचलं. "आठ ते पाच. परीक्षा विभाग, खिडक्या."

"त्या दिवशी अकरा वाजता माझी सून तिथूनच पडून मेली. आणि यांनी लिहून दिलं, ती आमची नव्हतीच. चोरी करायला आली होती."

बाईने रांगेतल्या नऊ नंबरकडे पाहिलं. ती तरुण बाई रडवेली झाली.

"मी आजच आलेय हो."

त्या पानावर बाईचा स्वतःचा शिक्का अजून ओला होता. तिने थोरलीकडे वळून विचारलं.

"हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"मागच्या ऑडिटला माणसं कमी भरली होती. वही दुरुस्तीला म्हणून परत गेली आणि आठ दिवसांनी नवी कोरी वही आली. आज सकाळी बोलले असते, तर ही वहीही तशीच बदलली असती."

बाईने आवाज खाली आणला.

"आजी, प्रत्येक पानावर अंगठा तुमचा आहे. मेलेल्या माणसाला दोन वर्षं हजर दाखवलंय तुम्ही. यात सगळ्यांत आधी तुम्ही अडकाल. नोकरी तर जाईलच, तुरुंगही होईल."

"लिहा बाई," थोरली म्हणाली. "आमच्या घरातली चोर मी. सून कामावर होती."