टिप्याचा पट्टा

"हा पट्ट्यामुळे शेपटी हलवतो, मनापासून नाही," हेरंब कुरकुरला.

कुत्र्याच्या गळ्यात एक पट्टा आणि मालकाच्या मनगटावर दुसरा. दोघांना एकमेकांचा लळा लागणारच, अशी कंपनीची हमी होती. हेरंबला तीच खुपत होती.

जेवताना त्याने टिप्याचा पट्टा काढलाच. टिप्याने अंग झटकलं आणि पोळीच्या शेवटच्या घासासाठी रोजच्यासारखी हेरंबच्या मांडीवर हनुवटी टेकली.

"बघ, खरंच जीव आहे त्याचा तुझ्यावर!" त्याची बायको केतकी म्हणाली. "आता तुझाही काढ की."

हेरंबने हसत हसत मनगटावरचा पट्टा सोडला.

मग त्याने मांडी आखडून घेतली. विजारीवरचा लाळेचा डाग त्याला पहिल्यांदाच दिसला. शेवटचा घास त्याने स्वतःच्या तोंडात टाकला.

टिप्याची शेपटी अजून हलत होती.