काही दिवसांपूर्वी

कर्जतच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीची पहिली इंजिनिअर म्हणजे तेजश्री. सरकारी अर्जांच्या वेबसाइटवर कुठला अर्ज येऊन किती वेळ झाला, ते दाखवायचं काम तिच्याकडे आलं. तिने चोख केलं. '७ वर्षे, २ महिने, ११ दिवस' असं दिसू लागलं.

साहेबांना ते रुचलं नाही. "एवढं लांबलचक कोण वाचतं, मॅडम? माणसाला वाचता येईल असं लिहा. महिना उलटला की सरसकट 'काही दिवसांपूर्वी'."

सात वर्षं म्हणजे शेवटी काही दिवसच की, असं मनाला समजावत तिने दोन ओळी बदलल्या. त्या वर्षी तिला बढती मिळाली.

वाडीतला आजारी माणूस अजून झोळीतूनच खाली उतरतो. म्हणून तिच्या बापाने, जैतूने, रस्त्यासाठी अर्ज दिला होता. परवा तो चौकशीला तालुक्याला जाऊन आला आणि त्याने लेकीला फोन लावला.

"क्लार्कनं स्क्रीनच माझ्याकडं फिरवली गं. म्हणला, बाबा, काही दिवसांपूर्वीच दिलाय अर्ज, जरा दम धरा."

"मग तू काय बोललास, बा?"

"काय बोलनार? कंप्युटर कशाला खोटा बोलंल? तुमी शिकलेल्या पोरांनीच केलेला ना तो? माझंच डोकं म्हातारं झालं आसंल."

तेजश्रीने समोरचा लॅपटॉप मिटला.

 

"येकच कळत नाय गं पोरी. अर्ज दिला त्याच दिवशी दारात आंब्याची कोय पुरली होती. ती यंदा फळाला कशी आली?"