हौद भरणारा

आमच्या धनगर समाजाची जुनाट वेबसाईट मी औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात बसून नवी करत होते. जुनीवर सगळे टोपणनावानं लिहायचे. नवीवर नोंदणीतली खरी नावं दिसणार होती, म्हणून माझे वडील, आप्पा, मुद्दाम येऊन शेजारी बसले होते. त्यांना ‘वाटसरू’ कोण, ते जाणून घ्यायचं होतं.

दोन हजार तेराच्या दुष्काळात आप्पा मेंढ्या घेऊन फिरत होते. ते फोनवर सांगायचे, मी वेबसाईटवर त्यांचं नाव घालून लिहायचे, ‘मल्हारीच्या मेंढ्यांना पाणी कुठं मिळंल?’ उत्तर फक्त वाटसरूचं आलं. ‘वाळूजच्या अलीकडं रस्त्याकडंला हौद हाय. पहाटं भरून ठेवतो. मेंढ्या पाजा, तुमीबी प्या.’ दोन महिने आप्पा त्याच हौदावर राहिले. भरणारा कधी दिसला नाही.

“सापडला की पाय धरीन त्याचे,” आप्पा म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन आला. उद्या रामेश्वरकाकांचा दहावा होता.

आप्पा उसळले. “सख्खा भाऊ असंल, पण त्याच्या हातचं पाणी पिणार नाय अशी शपथ हाय माझी. मातीला गेलो नाय, दहाव्यालाबी येणार नाय!”

मी बटण दाबलं. टोपणनावं गेली, खरी नावं आली. वाटसरूच्या जागी रामेश्वरकाकांचं नाव होतं.

आप्पांना वाचता येत नाही.

“कोण हाय गं?” त्यांनी माझ्या तोंडाकडं बघत विचारलं. “जित्ता हाय ना अजून?”