तिची खोली

“बाई, यातली तुमची खोली कुठली?” कोर्टाच्या बेलिफाने तिला विचारलं.

हुकूम तसा साधा होता. नवऱ्याला घर मोकळं हवं होतं, पण बायकोला बाहेर काढता येणार नव्हतं. तिचं उठणं-झोपणं जिथे होतं, ती जागा तिला मोकळी ठेवायची. बाकीच्या खोल्यांना त्याने खुशाल कुलपं लावावीत. तिला जागाच दाखवता आली नाही, तर मात्र कागद कोरा परत जाणार होता आणि एकही खोली तिच्यासाठी राखली जाणार नव्हती.

ती आपली चालू लागली. दुपारच्या उन्हात घर पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. पुढची खोली सासऱ्यांची. त्यांच्या आजारपणात ती दोन वर्षं तिथे जमिनीवर निजली होती. अजून आत खोकला ऐकू यायचा. पलीकडची मुलांची. तिथे गोवर, कांजिण्या, परीक्षा. मधल्या खोलीत शिवणाचं मशीन होतं खरं, पण पाहुणे आले की तीच स्वयंपाकघरात सरकायची. प्रत्येक दाराशी ती पाय न वाजवता थांबली. आत कुणी तरुण बाई नुकतीच लवंडली असावी आणि तिची झोप मोडू नये, तशी.

“अहो, शोधून काय सापडणार?” नवरा मागून म्हणाला. “तिला खोली म्हणून नव्हतीच कधी.”

“मग झोपायच्या कुठे?”

“कुठेही! आज इथे, उद्या तिथे. ज्याचं नडलं त्याच्याकडे हिची वळकटी.” तो हसला. “तिलाच विचारा की.”

बेलिफाने तिच्याकडे पाहिलं. एक बोट मशीनकडे दाखवलं असतं, तर निदान एक खोली पदरात पडली असती. पण ती कुठल्या तरी लांबच्या दुपारीत होती. तिथून खोटं बोलता येत नव्हतं.

“खरंय ते,” ती म्हणाली. “एकही खोली सुटली नाही माझ्या अंथरुणातून.”

बेलीफ बराच वेळ एकेका दाराकडे बघत राहिला. मग चष्मा सारखा करून लिहू लागला.

“कोराच जातोय ना?” नवरा खुशीत म्हणाला.

“छे हो, जागा पुरत नाहीये,” बेलिफाने कागद त्याच्यापुढे धरला. “तुमच्याच तोंडचं लिहिलंय, सही करा. आता या घरातलं एकही दार तुम्हाला बंद करता येणार नाही.”